बेस आहेत ना?

दोन स्क्रू ओठांत धरून मी स्टुलावर उभा होतो आणि पुठ्ठ्याचे खोके उघडत होतो. माझ्या पायांखाली काचेच्या दोन पेट्यांमध्ये, महिने भरण्यापूर्वीच या जगात आलेली दोन अर्भके निजलेली होती. खोक्यातून पांढऱ्या वाटीसारखे एक यंत्र निघाले, मागोमाग दुसरे निघाले, तिसरे निघाले. मग तळाशी हात घातला तेव्हा बोटांना केवळ थर्माकोल लागला. मी ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले.

"काय झालं?" खालून कौसल्येने विचारले.

"बेस नाहीत."

कौसल्या माझी पत्नी. भिंतीकडच्या पेटीतील, अद्याप नामकरणही न झालेली कन्या आमची होती. ती इतकी लहान होती की तिची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखावर मावली असती. पेटीतील ऊब हीच तिची आई होती, असे म्हटले तर कौसल्येला वाईट वाटेल. तथापि सत्य तेच होते.

"मग आता?" ती म्हणाली.

मी खाली उतरलो आणि फोन करण्यासाठी बोळात गेलो.

वाचकांच्या माहितीकरिता येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. मी वायरमन. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे ज्ञान गावच्या वाचनालयाच्या कृपेने. आमच्या गावात डॉक्टर वैजयंती बार्शीकर यांचे लहान मुलांचे एकमेव रुग्णालय होते, एका जुन्या कापडदुकानाच्या माडीवर. त्या वर्षी सगळीकडे आगीपासूनच्या बंदोबस्ताची तपासणी चालू होती. धूर झाल्याबरोबर भोंगा वाजविणारी यंत्रे बसविण्याची नोटीस मॅडमना आली आणि ते काम मी अंगावर घेतले. या यंत्रास मी धूरशोधक म्हणतो. लोक डिटेक्टर म्हणतात. हा धूरशोधक छताला आपण होऊन चिकटत नसतो. आधी छताला एक गोल तबकडी स्क्रूने आवळावी लागते, विजेच्या तारा त्या तबकडीलाच जोडाव्या लागतात, आणि मग धूरशोधक तिच्यावर टेकवून फिरविला की खटकन बसतो. त्या तबकडीला धंद्यात बेस म्हणतात. बेस नसेल तर वरचे यंत्र म्हणजे निव्वळ पालथी वाटी.

"सिद्रामप्पा, खोक्यात बेस नाहीत," मी फोनवर म्हणालो. सिद्रामप्पा सोलापूरच्या व्यापाऱ्याकडे गोदाम सांभाळत असे.

"काय बोलायलाव मालक! माल एकदम बेस हाय. मी सोता बघून भरलाय."

"अहो, तो बेस नव्हे! बेस! खालची तबकडी. जिच्यावर यंत्र बसवतात ती."

पलीकडे बिलाचे कागद चाळल्याचा आवाज आला.

"काल मी तुम्हाला विचारलं नव्हतं का, बेस आहेत ना म्हणून?" मी म्हणालो.

"इचारलाव की. आन मी म्हनलो, बेस हायत. चांगल्या मालाला वाईट कशाला म्हनू मी?"

आमच्या बाजूला जे उत्तम, जे मनास येते, त्याला बेस म्हणतात. जेवण बेस झाले, जावई बेस मिळाला. एरवी मी प्रत्येक वस्तूला पुस्तकातील शब्द शोधणारा मनुष्य. त्यापायी लोक मला हसतही असत. आदल्या दिवशी फोनवर मी 'तबकडी' एवढा शब्द उच्चारला असता तरी भागले असते. परंतु सोलापूरच्या गोदामवाल्याशी बोलताना आपणही धंद्यातले दिसावे, अशी इच्छा मला झाली होती.

"आता पाठवा," मी म्हणालो. "मोटारसायकलवर माणूस पाठवा. पाच वाजता साहेब तपासणीला येणार आहेत."

"बेसचं खोकं दुसऱ्या गोदामात हाय मालक. किल्ली शेठकडं. शेठ लग्नाला अक्कलकोटला गेलेत. आले की संध्याकाळच्या एस्टीत टाकतो. माझ्या लेकराची आन घेऊन सांगतो."

"संध्याकाळची गाडी इथं दिवे लागल्यावर येते, सिद्रामप्पा."

"मग काय करू सांगा? उडी मारून येऊ?"

त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. मी फोन बंद केला. मागे वळलो तर दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"लोंढे, पाचच्या आत बसतील?"

"नाही मॅडम."

"मग ते खोली सील करतील. नोटिशीत तसं लिहिलंय, आणि ही शेवटची मुदत आहे."

"आणि बाळं?"

"सोलापूरला हलवायची. दुसऱ्या पेटीतला म्हाकूबाईंचा नातू पोचेल. तो तसा दांडगा आहे." त्यांनी काचेतून आमच्या पेटीकडे पाहिले आणि आवाज उतरविला. "तुमच्या बाबतीत मी खोटी आशा दाखवणार नाही. गाडीत ऑक्सिजन मिळेल. ही ऊब मिळणार नाही. सोलापूर लांब आहे हो."

कौसल्या आतून आमच्या ओठांकडे पाहत होती. काच मध्ये असल्यामुळे तिला काही ऐकू गेले नसावे. परंतु तिने पदर तोंडाशी नेला.

रुग्णालयाची व्यवस्था पाहणारा बब्रुवान तेथेच होता. तो म्हणाला, "मिस्त्री, गुगळे शेठच्या मंगल कार्यालयात तूच बसवले होते ना असले? त्याचे बेस काढून आणू. उद्या परत लावून देऊ."

मला त्याच्या पायांवर डोके ठेवावेसे वाटले. आम्ही तत्काळ त्याच्या मोटारसायकलवरून निघालो.

मंगल कार्यालयात लग्न लागून गेले होते आणि पंगती बसल्या होत्या. गुगळे शेठ स्वतः दाराशी उभे राहून बुंदीकडे लक्ष ठेवीत होते.

"या मिस्त्री, या! बसा पानावर."

"शेठ, जेवण नको. वरचे डिटेक्टर एका रात्रीसाठी उतरवू द्या. बाळांच्या खोलीसाठी पाहिजेत."

"घेऊन जा की! मला काय त्यांची भाजी करायची आहे?"

वाढप्यांच्या शिडीवरून मी वर चढलो. खाली वऱ्हाडी मंडळी माना वर करून पाहत होती. एकजण ओरडला, "अहो, मठ्ठ्यात पडाल!" मी धूरशोधक हाताने फिरविला. तो फिरेना. जोर केला. फिरेना. तेव्हा कडेला बोट लावून पाहिले. यंत्र आणि छत यांच्या मध्ये काळे, दगडासारखे कठीण झालेले लुकण होते. मी दुसऱ्या यंत्राखाली शिडी लावली. तेथेही तेच.

"शेठ, यांचे बेस कुठं आहेत?"

"अरे हो की! दिवाळीला रंगारी आला होता ना, त्यानं सगळं खोलून ठेवलं. तुझे ते बेस का फेस कचऱ्यात गेले वाटतं. मग पोरांनी एमसील लावून चिकटवले. दिसतात की छान!"

"पण शेठ, हे वाजणार नाहीत."

"न वाजेनात. इथं सनई वाजते तेवढी पुरे." शेठ हसले. "ठोंबरे साहेबांनी गेल्या महिन्यात बघितले की. खालूनच बघितले आणि पास केले. तू कशाला जीव काढतोस?"

ठोंबरे साहेब म्हणजेच पाच वाजता आमच्याकडे येणारे अधिकारी. मी शिडीवरून उतरलो. बब्रुवान माझ्याकडे पाहत होता, आणि त्याच्या मनात काय आले ते मला स्पष्ट वाचता येत होते, कारण माझ्याही मनात तेच आले होते.

परत येताना त्याने हार्डवेअरच्या दुकानापुढे गाडी थांबविली. आत गेला आणि एमसीलच्या पुड्या घेऊन आला.

"हे नको, बब्रू."

"का नको?"

"ते खोटं आहे."

"आन तुझी पोरगी खरी हाय का न्हाई?" तो एकदम चिडला. "सायेब खालनं बघतो, सही करतो, जातो. रात्री तुझे बेस आले की ह्या वाट्या उपटून खऱ्या लाव. कुणाच्या बापाचं काय गेलं? आं? पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं."

"अन् एकदा सही झाली की खऱ्या लावायची घाई कोणाला राहील?"

"तू हायस की."

मी म्हणालो, "मला एस्टी स्टँडवर सोड. सोलापूरहून आधीची एखादी गाडी आहे का ते विचारतो." त्याने मला सोडले आणि तो निघून गेला. स्टँडवरील कंट्रोलरने खिडकीतून मानही वर न करता सांगितले की दिवेलागणीनंतरच्या गाडीखेरीज सोलापूरची दुसरी गाडी नाही. तरीसुद्धा मी तेथे उभा राहिलो. ऊन अंगावर घेत, येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचीत राहिलो. जणू एखादी चुकलेली गाडी माझ्या दुःखाची वार्ता ऐकून वाकड्या वाटेने येणार होती. शेवटी पायीच परतलो.

माडीवर आलो तेव्हा बब्रुवान नळाखाली हातांचा काळेपणा धूत होता. खोलीच्या छताला पांढऱ्या वाट्या ओळीने बसल्या होत्या. माझ्या तारा त्यांच्या मागे दडपून टाकलेल्या होत्या. काम इतके नेटके दिसत होते की क्षणभर माझाच विश्वास बसला.

"दहा मिनटांत दगड होतंय," बब्रुवान माझ्या कानाशी म्हणाला. "मॅडमला सांगितलं न्हाई. तू पण सांगू नको."

आत कौसल्या जमिनीवर बसून भिंतीला टेकली होती. तिला झोप लागली होती. बाळाला पेटीत ठेवल्यापासून तिला झोपलेले मी पाहिले नव्हते. तिचा उजवा हात पेटीच्या मागे, भिंतीशी गेला होता. शेजारी म्हाकूबाई बसली होती. ही धनगर म्हातारी आपल्या नातवापाशी बसून असे, कारण तिची सून पलीकडच्या खोलीत तापाने फणफणत पडली होती.

"निजू दे तिला," म्हाकूबाई हळूच म्हणाली. "त्या बब्रुवानानं सांगितलं, वाट्या लागल्या म्हून. तवा पडली बघ भुईवर. लई बेजार झालं हुतं रं लेकरू."

मी माझ्या पत्नीपाशी बसलो आणि वर पाहत राहिलो. खरे सांगतो, मी काही ठरविले नव्हते. पाच वाजू नयेत, एवढीच एक प्रार्थना मनात होती. आणि पाच वाजलेच तर लवकर वाजून जावेत, ही दुसरी.

ठोंबरे साहेब वेळेवर आले. मनुष्य स्थूल, घामाघूम, बोलायला सौम्य. जिना चढून दम लागल्यामुळे ते थोडा वेळ दारातच उभे राहिले. मॅडम त्यांच्यासोबत होत्या.

"बसवले वाटतं?" त्यांनी वर पाहिले. "छान. बाळं किती आहेत?"

"दोन," मॅडम म्हणाल्या. "यातलं एक फार नाजूक आहे."

त्या आवाजाने कौसल्या जागी झाली. पदर सावरून उभी राहिली. झोपेने तिचा चेहरा सुजला होता, परंतु त्यावर एक प्रकारची तकाकी आली होती. तिने साहेबांना हात जोडले.

"साहेब, आता धूर झाला तर ते वाजेल ना?"

"वाजेल की, बाई. त्यासाठीच तर लावलंय."

"म्हणजे आपण झोपलो असलो तरी?"

"म्हणून तर लावलंय," साहेब हसून म्हणाले आणि त्यांनी कागद पेटीच्या कडेवर ठेवून पेन काढले.

"मग मी आज झोपते," कौसल्या म्हणाली. ती साहेबांशी बोलत होती की स्वतःशी, ते कळत नव्हते. "ह्या पेटीचा प्लग तापतो, साहेब. परवा काळा पडला होता, जळका वास सुटला होता. तेव्हापासून मी त्याच्यावर हात ठेवून बसते. डोळा लागला की हात खाली पडतो, मग जाग येते. आता बसायला नको."

मॅडम दारातून पुढे आल्या.

"कौसल्या," मॅडम म्हणाल्या, "हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पेटी बंद केली असती तुम्ही."

"आणि मला?" मी म्हणालो. "अगं, मी वायरमन आहे."

"तुम्ही तर तेव्हाच उपसून ठेवला असता," ती म्हणाली. तिने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिले की मला पाहवले नाही. "जाऊ द्या ना. आता लागलंय की ते वर."

ठोंबरे साहेबांचे पेन कागदावर टेकले होते. दारात बब्रुवान माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. काहीही करावयाचे नव्हते. केवळ उभे राहावयाचे होते. पेटीमध्ये माझ्या मुलीचे पोट एखाद्या लहान बेडकाच्या गळ्यासारखे वरखाली होत होते.

"झोपू नकोस," मी म्हणालो.

"काय?" कौसल्येने विचारले.

"आज झोपू नकोस."

साहेबांनी पेन उचलले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बब्रुवानाकडे पाहिले, मग छताकडे पाहिले. एवढा स्थूल देह घेऊन ते माझ्या स्टुलावर चढले. त्यांनी वाटी फिरवून पाहिली आणि नखाने कडेला खरवडले. खाली उतरले तेव्हा नखात काळे लुकण होते.

"लोंढे," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही दोन मिनिटं गप्प राहिला असता तर मी जिना उतरलो असतो."

"होय साहेब."

"आता माझ्या कानावर पडलं. आता मला काय करता येतं, तुम्हीच सांगा."

कौसल्येला प्रथम काही उमगले नाही. मग उमगले. तिने पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. "काय केलंत हो हे?" ती म्हणाली. "अहो, काय केलंत? आपली आहे ना ती? तुमचीच आहे ना?"

मॅडम तोंड फिरवून उभ्या राहिल्या. साहेबांनी पिशवीतून सील करण्याची कागदी पट्टी काढली, परंतु ती उलगडली नाही. ती हातात घेऊन ते उभेच राहिले.

"मॅडम, गाडी बोलवा," ते शेवटी म्हणाले.

"गाडी येईल," मॅडम म्हणाल्या, "पण मूल पोचणार नाही. हे मी तुम्हाला लिहून द्यायला तयार आहे."

"मग मी काय करू? उद्या इथं काही पेटलं तर मला कोण सोडेल?"

"सायेब," म्हाकूबाई म्हणाली. ती उठली नव्हती. बसल्या जागेवरूनच बोलत होती. "तुम्ही कदी मेंढरं राखली का?"

"नाही, आजी."

"आमी रानात जाळी लावतो. वाघुर म्हनत्यात. मेंढरं आत, आमी भाईर. जाळीला एक भोक पडलं तरी लांडग्याला पत्ता लागतोच. मग आमी काय करतो? मेंढरं हाकलून देतो का, जावा बाबांनो, जाळी फाटली? भोकापाशी मानूस बसवतो. जागं मानूस. सकाळी जाळी शिवतो."

"आजी, कायद्यात असं नाही."

"कायदा तुमचा. मानूस आमचा. लांडग्याला कागद दावून भागत न्हाई सायेब. आन त्या वाट्या दावून बी न्हाई."

साहेब पेटीच्या मागे गेले, वाकले आणि त्यांनी कौसल्या जेथे हात ठेवीत असे तेथे आपला हात ठेवला. लगेच मागे घेतला.

"मिस्त्री, हा प्लग आधी बदला. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

मी बदलला. मॅडमनी मधला वेळ बाळाला आपल्या छातीशी, पदराखाली धरले होते. माझ्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. जुन्या प्लगच्या आतली तार कोळशासारखी झाली होती. ती पाहून साहेबांनी कपाळ पुसले.

"त्या वाट्या उतरवा," ते म्हणाले. "वर त्या दिसल्या की माणूस झोपतो. रिकामं छत दिसू दे. खरे बेस कधी येतात?"

"संध्याकाळच्या गाडीनं."

"मग मी आज इथं आलोच नाही. माझी जीप बंद पडली होती. सकाळी येतो." त्यांनी सही न केलेला कागद घडी करून पिशवीत टाकला. जिन्यापाशी थांबून मला विचारले, "गुगळ्यांच्या हॉलमध्येही असंच आहे का हो?"

मी मान खाली घातली.

"बरं," ते म्हणाले आणि कठड्याला धरून उतरून गेले.

एमसीलचा खरोखरच दगड झाला होता. छिन्नीने वाट्या उचकटताना जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे पडू लागले, तेव्हा पेट्यांवर चादर धरावी लागली. दिवे लागल्यावर बब्रुवान स्टँडवरून खोके घेऊन धावत आला. दोरीने बांधलेले, वर सिद्रामप्पाच्या हाताने शेंदराचे बोट ओढलेले. मग स्टूलही त्यानेच काम संपेपर्यंत धरून ठेवले.

यंत्राने भोके पाडण्यास मॅडमनी मनाई केली. बाळांना तो आवाज सोसला नसता. म्हणून मी गिरमिट घेतले आणि हाताने फिरवीत राहिलो. चुना भुसभुशीत होता. भोक मोठे होऊन चालणार नव्हते, नाहीतर स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी त्यात सैल बसली असती आणि स्क्रू आवळला गेला नसता. खाली कौसल्या आणि म्हाकूबाई एका चादरीची दोन-दोन टोके धरून उभ्या होत्या. भुकटी चादरीवर पडे, काही त्यांच्या कपाळावर पडे. कौसल्येच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. ती डोळे न मिटता वर, माझ्या हातांकडे पाहत होती. त्या प्रश्नानंतर ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नव्हती.

"थकलीस का?" मी विचारले.

म्हाकूबाई म्हणाली, "तू फिरव रं बाबा. आमी हाय."

गिट्टी बसली. तबकडी टेकवली. स्क्रू आवळले, तारा जोडल्या, यंत्र लावून फिरविले. खटकन आवाज आला. असे एकेक करीत सगळे झाले. मग मी स्टूल पेटीपाशी ओढले आणि त्यावर बसून राहिलो. कौसल्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसली. आम्ही दोघेही झोपलो नाही.

सकाळी ठोंबरे साहेब आले. या वेळी त्यांनी खालून पाहिले नाही. बोळातल्या धूरशोधकाखाली ते स्वतः स्टुलावर चढले आणि मूठभर उदबत्त्या पेटवून वर धरल्या. पहिल्यांदा काहीच झाले नाही. साहेबांनी उदबत्त्या आणखी वर नेल्या. मग भोंगा वाजला.

तो आवाज इतका भयंकर होता की जिन्यावरून एक मांजर उडी मारून गेले. म्हाकूबाईचा नातू किंचाळत जागा झाला. मी आमच्या पेटीशी धावलो. मुलीचे दोन्ही हात हवेत ताठ झाले होते, तोंड उघडे होते, चेहरा लालभडक होऊन जांभळा पडू लागला होता. जन्मल्यापासून तिच्या कंठातून एक स्वर फुटला नव्हता. बळ आले तर रडेल, असे मॅडम म्हणाल्या होत्या. त्यातल्या 'तर' या शब्दावर कौसल्या कैक रात्री उशाशी बसून होती. आता ते लहानसे तोंड उघडत होते, मिटत होते, आणि भोंग्याच्या गदारोळात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. मला वाटले, ती गेली. मी केले ते हेच.

"बंद करा!" मॅडम ओरडल्या. "बब्रुवान, बंद कर तो!"

बब्रुवानाने बटण दाबले. भोंगा बंद झाला.

आवाज थांबला नाही. फाटक्या पिपाणीसारखा, बारीक, चिरका, रागाने भरलेला आवाज काचेच्या आतून येत होता, थांबत होता आणि पुन्हा येत होता.

कौसल्येने काचेवर कान टेकवला. मग मान वर करून, कालपासून प्रथमच, माझ्याकडे पाहिले.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत?"